निफाड ते परळ : आजारी मुक्या जिवाची वाट

निफाड तालुक्याला महाराष्ट्र ओळखतो तो द्राक्षांमुळे आणि कांद्यामुळे. लासलगावचा कांद्याचा लिलाव आणि पिंपळगाव बसवंतची द्राक्षपेठ यांवर या भागातील अनेक व्यापारी पेढ्या उभ्या आहेत. ज्या घराच्या स्वयंपाकघरात कांदा-लसणाला मज्जाव, त्याच घराच्या खळ्यावर कांद्याचे ढीग, हे दृश्य येथे कोणालाही नवे नाही. ही दोन्ही पिके कुत्र्याला मात्र विषासमान आहेत, ही गोष्ट तालुक्यातील अनेक सुशिक्षित घरांनाही ठाऊक नसते. घराच्या ओट्यावर वाढलेला, मुलांच्या हातचे खाणारा कुत्रा खळ्यावर आणि पॅकिंग हाऊसमध्ये मोकळा हिंडतो, गळलेले मणी खातो, बेदाण्याच्या क्रेटमध्ये तोंड घालतो. आणि दोन दिवसांनी तो ओकू लागला की सर्वांना वाटते, ऊन बाधले असेल.

द्राक्षांचा हा दोष वैद्यकशास्त्रालाही उशिरा उमगला. द्राक्षे आणि बेदाणे खाल्ल्यावर काही कुत्र्यांची मूत्रपिंडे बंद पडतात हे पशुवैद्यांना माहीत होते. परंतु कारण सापडत नव्हते. कोणी कीटकनाशकांवर संशय घेतला, कोणी बुरशीवर. २०२१ मध्ये अमेरिकेतील पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले. क्रीम ऑफ टार्टर घालून घरी केलेला खेळण्याचा पीठगोळा खाल्लेल्या कुत्र्यात तंतोतंत तशीच लक्षणे दिसली आणि त्यावरून हा धागा हाती लागला. चिंचेतही हेच आम्ल भरपूर असते, म्हणून चिंचही कुत्र्यापासून दूर ठेवावी. या आम्लाचे प्रमाण द्राक्षाच्या जातीवर आणि पिकण्याच्या अवस्थेवर अवलंबून असते. त्यामुळे ‘आमचा मोती रोज द्राक्षे खातो, त्याला काही होत नाही’ या म्हणण्याला अर्थ उरत नाही. कालपर्यंत काही झाले नाही म्हणून आज होणार नाही, असे सांगता येत नाही. बेदाण्यात पाणी उडून गेलेले असते, म्हणून तो वजनाच्या मानाने द्राक्षाहून अधिक घातक.

लक्षणे बहुधा पहिल्या चोवीस तासांत दिसतात: उलट्या, सुस्ती, अन्नावरची वासना जाणे. पुढच्या दोन-तीन दिवसांत लघवी कमी होते आणि काही वेळा पूर्ण थांबते. खाल्ल्यापासून दोन तासांच्या आत पशुवैद्याकडे पोहोचले तर औषधाने उलटी करवून बरेचसे विष बाहेर काढता येते. त्यानंतर अठ्ठेचाळीस ते बहात्तर तास शिरेतून सलाईन चालू ठेवले की पुष्कळ कुत्री सुखरूप राहतात. घरी मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याचा उपाय करू नये; मिठाचीच बाधा होऊन जनावर दगावू शकते.

कांद्याची रीत वेगळी. तो रक्तातील तांबड्या पेशी फोडतो आणि त्याचा परिणाम तीन-चार दिवसांनी दिसतो: हिरड्या पांढऱ्या पडतात, धाप लागते, लघवी काळपट-लाल होते. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे पंधरा ते तीस ग्रॅम कांदा पुरेसा होतो; मांजराला पाच ग्रॅमही बाधतो. शिजवल्याने वा वाळवल्याने त्याचा गुण जात नाही आणि लसूण तर कांद्याहूनही तीव्र. बाहेरून आलेली उरलेली भाजी किंवा रस्सा कुत्र्यापुढे ओतण्याची सवय या दृष्टीने फार महागात पडते.

निफाडसारख्या ठिकाणी अशा वेळी पहिली धाव तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याकडे असते आणि ती तिकडेच असावी. या दवाखान्यांचा जन्म गाई-म्हशी, बैल, शेळ्यांसाठी झाला आहे. लाळ्या-खुरकताचे लसीकरण, कृत्रिम रेतन, अडलेली गाय सोडवणे हे त्यांचे रोजचे काम. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा हीच मंडळी गोठ्यागोठ्यांतून फिरत होती. तेथे कुत्र्याच्या मूत्रपिंडाची सोनोग्राफी मिळावी अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल. पण सलाईन लावणे, उलटी थांबवणे, रक्ताचा नमुना काढून देणे आणि ‘हे येथे होणार नाही, आजच हलवा’ असे स्पष्ट सांगणे, एवढे तेथे होऊ शकते. हे चौथे काम सर्वांत मोलाचे. राज्यात पशूंसाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांकही आहे. तो मुख्यतः पशुधनासाठी असला तरी ठाऊक असावा.

पुढचा टप्पा नाशिक. निफाडपासून सुमारे चाळीस किलोमीटर. खासगी पशुवैद्यांची संख्या तेथे बरीच आहे. रक्ततपासणी, क्ष-किरण, सोनोग्राफी तेथे होते. बहुतेक आजारांचा निकाल नाशिकमध्येच लागतो आणि लागावाही. या भागात कुत्र्याला होणाऱ्या गंभीर आजारांत गोचीड तापाचा क्रमांक वरचा आहे. एर्लिकिया आणि बॅबेसिया हे दोन जंतू गोचिडांवाटे रक्तात शिरतात. ताप, नाकातून रक्त, प्लेटलेट्स घटणे ही त्याची चिन्हे. वेळेवर रक्त तपासले तर औषध स्वस्त आणि सहज मिळणारे आहे. पावसाळ्यात उंदरांच्या मुतामुळे पसरणारा लेप्टोस्पायरोसिसही मूत्रपिंड व यकृत दोन्ही पोखरतो, आणि तो माणसालाही होतो. म्हणून कावीळ वा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या कुत्र्याची लघवी हातमोजे घालूनच पुसावी. धान्याच्या गोदामांत उंदीर असतातच, तेव्हा ही लस चुकवू नये.

मूत्रपिंडाच्या विकाराची खरी अडचण ही की तो फार उशिरा बोलतो. रक्तातील क्रिएटिनिन मर्यादेबाहेर जाते तेव्हा मूत्रपिंडाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग निकामी झालेला असतो. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर, ताळेबंदात तोटा दिसेपर्यंत भांडवल बुडालेले असते. जास्त पाणी पिणे, जास्त लघवी होणे, वजन हळूहळू उतरणे या खुणा त्याआधी महिनोन्‌महिने दिसत असतात. पण ‘वय झाले’ म्हणून त्या सोडून दिल्या जातात. सात वर्षांवरील कुत्र्याची वर्षातून एकदा रक्त व लघवी तपासणे हा खर्च फार नाही.

येथे एक कटू पण आवश्यक गोष्ट. औषधांची दुकाने समाजात अनेकांची आहेत आणि घरातल्या कुत्र्याच्या दुखण्यावर दुकानातलीच गोळी देण्याचा मोह सहज होतो. माणसाची वेदनाशामके, विशेषतः आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक, कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला घातक आहेत. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेण्यास पुरेशी होते. डायक्लोफिनॅक दिलेल्या गुरांची मृत शरीरे खाऊन देशातील गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली आणि म्हणून २००६ मध्ये त्याचा पशुवैद्यकीय वापर बंद झाला, हे औषधविक्रेत्यांना तरी सांगायला नको.

नाशिकमध्ये निदान न झाल्यास, किंवा निदान होऊन उपचाराची साधने तेथे नसल्यास, मुंबई. अंतर दोनशे किलोमीटरहून थोडे अधिक. मध्ये कसारा घाट. मुंबई हेच स्थान का, याचे उत्तर इतिहासात आहे आणि तो इतिहास व्यापाऱ्यांचा आहे.

१८३२ मध्ये मुंबईत भटकी कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम निघाला. मारलेल्या कुत्र्यामागे शिपायाला बक्षीस होते, त्यामुळे घरात शिरूनही कुत्री पकडली जाऊ लागली. जूनमध्ये पारशी, हिंदू आणि जैन दुकानदारांनी बाजार बंद पाडला; दंगल झाली. सरकारला थोडे नमते घ्यावे लागले आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेण्याची तोड निघाली. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि जैन शेठ मोतीचंद अमीचंद, म्हणजेच शत्रुंजयावर ज्यांच्या नावाची टूंक आहे ते मोतीशा शेठ, यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. तिच्या खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या उलाढालीवर स्वतःहून लागा बसवून घेतला. कुत्र्यांच्या प्रश्नातून निघालेली ही संस्था पुढे मुख्यतः गाई-गुरांची झाली. नाशिकची पंचवटी पांजरपोळ १८७८ ची. चुंचाळ्याच्या तिच्या जमिनीवर आजही शेकडो जनावरे पोसली जातात.

पांजरपोळीने आसरा दिला; औषधोपचार ही पुढची पायरी होती. १८७४ मध्ये मुंबईत प्राणिक्रूरता प्रतिबंधक संस्था निघाली आणि सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला १८८३ मध्ये पशुरुग्णालय स्थापन झाले. शेठजींच्या पत्नीच्या नावावरून ते बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय म्हणून ओळखले जाते. त्याच आवारात १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आज ते नागपूर येथील महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. परळचे वैशिष्ट्य असे की तेथे औषधशास्त्र, शल्यचिकित्सा, प्रसूती, विकृतिशास्त्र यांचे वेगवेगळे विभाग आणि त्यांत पदव्युत्तर पदवी घेतलेले प्राध्यापक एका ठिकाणी आहेत. साध्या पशुवैद्याची पदवी इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांची. त्यानंतर एखाद्या विषयातील दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. पाटीवर ‘विशेषज्ञ’ लिहिलेले दिसले तर कोणत्या विषयातील, हे विचारण्यात संकोच नको. पेढीवर उधारी देताना चौकशी करतोच की!

आणि आता महालक्ष्मीचे टाटा ट्रस्ट्सचे रुग्णालय. रतन टाटा यांना आपल्या कुत्र्याच्या सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठी त्याला अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात न्यावे लागले होते. तेथे पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. सांधा बदलता आला नाही, एका स्थितीत कायमचा जखडून टाकावा लागला. भारतातल्या सर्वांत धनाढ्य घरांपैकी एकाची ही स्थिती, तर इतरांचे काय, या विचारातून रुग्णालयाची कल्पना निघाली. आधी कळंबोलीची जागा ठरली होती, ती बदलली आणि सुमारे १६५ कोटी रुपये खर्चून पाच मजली इमारत महालक्ष्मीला उभी राहिली. जुलै २०२४ पासून ते सुरू आहे: चोवीस तास आपत्कालीन विभाग, अतिदक्षता कक्ष, सीटी स्कॅन आणि एमआरआय. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ९ ऑक्टोबर २०२४ रोजी, रतन टाटा यांचे निधन झाले.

दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचे धर्मादाय रुग्णालय कित्येक दशके चालू आहे, हे यात्रेला जाऊन आलेल्यांनी पाहिले असेल. शाकाहारी पक्ष्यांना तेथे दाखल करून घेतात. घार-ससाण्यांवर बाहेरच्या बाहेर उपचार होतात. शेजारच्या येवल्यात संक्रांतीला पतंगांचा जो जल्लोष होतो आणि नायलॉन मांजाने जे पंख कापले जातात, ते पाहता असे एखादे छोटे केंद्र या भागातही असायला हरकत नव्हती. जीवदयेसाठी चाऱ्याची देणगी सढळ हाताने निघते; क्ष-किरण यंत्रासाठी हात आखडतो. चारा डोळ्यांना दिसतो, निदान दिसत नाही, एवढाच काय तो फरक असावा.

प्रत्यक्ष प्रवासाची तयारी मात्र भावनेच्या भरात होत नाही, हिशेबाने होते. रेल्वेने कुत्रा न्यायचा तर वातानुकूलित प्रथम वर्गाचा पूर्ण कूपे आरक्षित करावा लागतो, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. आजारी जनावराला दोन्ही गैरसोयीचे. गाडीच करावी, चालकाला आधी कल्पना द्यावी आणि पहाटे निघावे. उठता न येणाऱ्या मोठ्या कुत्र्याला जाड गोधडीची झोळी करून चौघांनी उचलावे. कितीही शहाणा कुत्रा असला तरी वेदनेत चावतो. धाप लागलेली नसेल तर जबड्याला मऊ पट्टी बांधावी. सर्व तपासण्यांचे कागद तारखेप्रमाणे लावावेत. दिलेली औषधे, त्यांची मात्रा आणि वेळ एका कागदावर असावी. झटका येत असेल तर मोबाइलवर त्याचे चित्रीकरण करून न्यावे, कारण रुग्णालयात पोहोचल्यावर झटका येईलच असे नाही. निघण्यापूर्वी दूरध्वनी करून त्या दिवशी संबंधित विभागाचे डॉक्टर आहेत का, हे विचारावे. एवढ्या साध्या चौकशीअभावी अनेकांचा दिवस वाया जातो, आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाला वाया घालवायला दिवस नसतो.

रक्तशुद्धीकरण, म्हणजे डायलिसिस, आता कुत्र्यांसाठीही होते; चेन्नईच्या मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालयात ती सोय आहे. पण ते कायमचे चालवण्याची कल्पना बहुधा व्यवहार्य नसते. द्राक्षांसारख्या अचानक झालेल्या विषबाधेत मूत्रपिंड सावरेपर्यंत वेळ मिळवून देणे हा त्याचा उपयोग. जुनाट विकारात ते फारसे कामाचे नाही. हा भेद डॉक्टरांकडून पहिल्याच भेटीत समजून घ्यावा.

खर्चाविषयीही पहिल्या भेटीतच बोलावे. पहिल्या अठ्ठेचाळीस तासांचा अंदाज किती, आणि तेवढ्या वेळात काय दिसले तर पुढे जाण्यात अर्थ आहे, हे दोन प्रश्न विचारले की चित्र स्पष्ट होते. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या उपचारसेवेवर जीएसटी नाही, औषधांवर असतो. आयकराच्या ८०डी कलमाखालची वजावट माणसांच्या आरोग्यविम्यापुरती आहे, तेथे कुत्र्याचे बिल चालत नाही. काही सर्वसाधारण विमा कंपन्या कुत्र्यांचा विमा उतरवतात, परंतु आधीपासूनचा आजार त्यात बसत नाही. म्हणजे तो निरोगी असतानाच घ्यायला हवा. ज्यांना हे नको, त्यांनी कुत्रा घरी आल्या दिवसापासून दरमहा थोडी रक्कम आवर्ती ठेवीत टाकावी. अडचणीच्या रात्री ‘माणसाला खर्च करायचा की जनावराला’ हा वाद घरात होतो तो पैशाच्या अभावापेक्षा आधी न ठरवल्यामुळे अधिक होतो.

सर्वांत अवघड प्रश्न शेवटी येतो. सर्व उपाय थकले, तोंडात व्रण पडले, पाणीही पोटात ठरेना. अशा वेळी डॉक्टर इंजेक्शन देऊन शांतपणे निरोप देण्याचा पर्याय सांगतात. १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा असह्य यातनेतील जनावराच्या बाबतीत त्याला वाव देतो. जैन घराची जीभ येथे अडखळते आणि ते स्वाभाविक आहे. काही जण याला संथाऱ्याची उपमा देऊन मनाचे समाधान करून घेतात, पण ती उपमा टिकत नाही. संथारा स्वतःच्या जाणिवेने, स्वतःसाठी घेतलेले व्रत आहे. दुसऱ्याने दुसऱ्याला देण्याची ती वस्तू नव्हे. उलट बाजूनेही एक चूक होते. इंजेक्शन नको म्हणून घरी आणलेल्या जनावराला वेदनाशामकही न देता कोपऱ्यात ठेवणे, याला अहिंसा म्हणता येणार नाही. श्रावकाच्या पहिल्या अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत त्यांत अन्न-पाण्याचा निरोध हाही एक आहे. म्हणून चौविहार पाळणाऱ्या घरातही मूत्रपिंडाच्या रुग्णापुढे रात्रभर पाण्याचे भांडे ठेवावेच लागते, आणि रात्रीची औषधाची वेळही पाळावी लागते. छविच्छेद, म्हणजे अंग छेदणे, हा अतिचार शस्त्रक्रियेला लागू होतो का, असेही काही वडीलधारे विचारतात. हिंसेचे मूळ प्रमादात मानणाऱ्या परंपरेत वाचवण्यासाठी जपून घातलेला छेद आणि बेपर्वाईने केलेली इजा एका पारड्यात बसणार नाहीत.

या दोन टोकांच्या मध्ये एक वाट आहे. बरे करण्याचे प्रयत्न थांबवायचे, त्रास कमी करण्याचे चालू ठेवायचे: पशुवैद्याने ठरवलेली वेदनाशामके, मळमळीवरचे औषध, कातडीखाली सलाईन, स्वच्छ कोरडे अंथरूण आणि माणसांची सोबत. जीवंधरकुमाराने मरणोन्मुख कुत्र्याच्या कानी नमस्कार मंत्र म्हटला आणि तो जीव यक्षयोनीत सुदर्शन म्हणून जन्मला, ही कथा घरातल्या आजींना पाठ असते. अशा रात्री ती मुलांना सांगितली जाते. कोणता मार्ग घ्यायचा, हे महाराजसाहेबांना आणि डॉक्टरांना दोघांनाही विचारून, मुंबईला निघण्यापूर्वीच घरात ठरलेले बरे. मध्यरात्री रुग्णालयाच्या पायऱ्यांवर मोबाइलवरून घेतलेले निर्णय पुढे कित्येक वर्षे बोचतात.

पण प्रत्येक वाट अशीच संपते असे नाही. मुंबईहून परतलेला रुग्ण पुढे बहुतेकदा निफाडच्याच पशुवैद्याच्या हाती असतो. दिवसाआड कातडीखालचे सलाईन तेथेच लागते आणि एक-दोनदा दाखवून घेतले की घरातली सूनही ते देऊ लागते. महिन्यातून एकदा क्रिएटिनिनसाठी रक्त नाशिकला जाते, अहवाल मोबाइलवर मुंबईच्या डॉक्टरांकडे. आहार कमी फॉस्फरसचा लागतो. कुत्र्यासाठी तो शाकाहारी ठरवून घेता येतो, मात्र मनाने ठरवू नये. मांजराचे तसे नाही, टॉरिनसारखी द्रव्ये बाहेरून पुरवल्याशिवाय ते शाकाहारावर जगत नाही आणि त्याचे डोळे व हृदय निकामी होतात. द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की पॅकिंग हाऊसच्या दाराला जाळी लावायची आणि संध्याकाळी कामगार गेल्यावर जमिनीवरचे मणी झाडून घ्यायचे, एवढे काम मात्र दर वर्षी ज्याचे त्यालाच करावे लागते.